चारी बाजूंनी पॅक

आमाला फोन येतो तवा मानूस नाव सांगायच्या आदी शब्द सांगतंय. "कंपाउंड करायचंय." "फेन्सिंगचं काम घेता का?" "बाउंड्री मारायचीय." काम सगळं येकच असतंय. खड्डा घ्यायचा, लोखंडी अँगल हुभा करायचा, शिमिट-खडी वतायची, ती वाळली की जाळी तानायची आन् बांधायची. पन शब्दावरनं मानूस कळतं.

कंपाउंड म्हननारा जुना मानूस, त्याच्या डोक्यात भिंत असती आन् घालायची असती जाळी, मंग काम झाल्यावर त्यो लांबनं बघून म्हनतो, "ह्यातनं तर सगळंच दिसतंय की!" फेन्सिंग म्हननारा पुन्यात नोकरीला असतो, गावाकडं जमीन असती, त्यो मोबाईलमधी फोटो दावतो, असं पायजे म्हनतो, आन् फोटोत हिरवंगार असतंय नि आमी हुभं असतो काळ्या ढेकळात. बाउंड्री म्हननाऱ्याचं शेजाऱ्याशी वाजल्यालं असतंय. तितं आदी मोजनी झालीय का इचारायचं, न्हाईतर आज रवलेला अँगल उद्या बांधाला आडवा पडल्याला दिसतो.

आन् पॅक म्हननारा घाबरल्याला असतो. "चारी बाजूंनी पॅक करून द्या. उंदीरसुदिक आत शिरला न्हाई पायजे." आता आमच्याकडं, श्रीरामपूरपासनं पार गोदावरीच्या कडंपर्यंत, सगळी पॅकच म्हनत्यात. उसात बिबट्या झालाय. आलाय न्हाई म्हनत कुनी, झालाय म्हनत्यात, ताप झाल्यावानी. खरं सांगायचं तर त्यानंच आमाला काम दिलं. आदी महिना महिना फोन वाजायचा न्हाई, आता जेवताना घास खाली ठिवावा लागतो. ह्ये बोलायला बरं वाटत न्हाई, पन हाय ते हाय.

मी आठवीपस्तोर शिकले. इंग्लिशच्या तासाला मी मागच्या बाकावर लपून बसायची. आता दिवसभर इंग्लिश बोलते, पन ते येवढंच, घेरायचं इंग्लिश. कंपाउंड, बाउंड्री, राउंड, रिंग, पॅक. बाकी काय इचारू नका. हितं लिहायला बसले तरी सारखं उठून दाराची कडी बघून येतीय. ग्रेसी, माजी पोरगी, आता चालाया लागलीय, तिला कडीपस्तोर हात पुरत न्हाई हे ठाऊक हाय, तरी बघून येतीय.

काम कसं असतं ते सांगते. ग्रेसीचे पप्पा खड्डे घेत्यात, अँगल वळंब्यात धरून सरळ लावत्यात, ताना त्येच देत्यात. मी शिमिट कालवते, पानी मारते आन् जाळी बांधते. बांधायचं काम लोकांना हलकं वाटतं. पन जाळी म्हंजी काय, नागमोडी तारा, येकीत येक अडकल्याल्या, स्प्रिंगवानी. बंडल संपलं की दुसरं बंडल जोडायचं तर येक सुट्टी तार घ्यायची आन् दोनीच्या मधनं स्क्रू फिरवल्यावानी फिरवत फिरवत खाली सोडायची, मंग तिची वरची नि खालची टोकं मुडपायची. जोड कुठं हाय ते मंग सापडत न्हाई. दुसऱ्यांचे जोड लांबनं फुगल्याले दिसत्यात, माझा जोड मलाच हुडकावा लागतो. ग्रेसीचे पप्पा कधी तोंडानं चांगलं म्हनायचे न्हाईत, पन नवीन गिऱ्हाईक आलं की त्याला म्हनत्यात, "दाखवा बरं ह्यात जोड." आन् मी पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघते.

गिऱ्हाईकं येक येक असत्यात. नेवाशाच्या अंगाला येक आप्पा हुते, घोडेगावच्या बाजारातनं नव्या म्हशी आनल्या हुत्या, त्यांच्यापायी कंपाउंड करायचं हुतं. फोनवर म्हनले, "विहिरीपाशी आला की रिंग करा." आमी गेलो. विहीर सापडली, आप्पा न्हाईत. ग्रेसीचे पप्पा म्हनले, "आदी विहिरीला रिंग करायची म्हनले न्हवं? चल." आमी लागलो कामाला. विहिरीभवती गोल अँगल रवायचे म्हंजी सोपं न्हाई, सरळ जाळी गोल जात न्हाई, तिला रागवून रागवून वळवावं लागतं. दुपार कलली तवा आप्पा गाडीवर आले, उतरायच्या आदीच वरडले, "आरं काय मांडलंय ह्ये?"

"रिंग," ग्रेसीचे पप्पा म्हनले.

"आरं फोनची रिंग! तुमच्या फोनची वाट बघून बघून मी जेवून झोपून आलो की रं!"

आमची तोंडं बघन्यासारकी झाली असतील. आप्पा विहिरीला चक्कर मारून आले, जाळीला हात लावला, आत वाकून बघितलं. मंग म्हनले, "माझ्या बापानं बी हिला कधी कठडा केला न्हाई. राहू द्या. आता म्हशींचं बघा." पन गावभर सांगितलं त्यांनी. आजून त्या बाजूला गेलं की लोक ग्रेसीच्या पप्पांना म्हनत्यात, "काय रिंगवाले, आज कुनाला येढलं?"

दुसरीकडं दोघं भाऊ हुते, मधी बाउंड्री. दोघं दोनी बाजूंना हुभं. येक म्हनायचा, "तिकडं सरकव." दुसरा म्हनायचा, "हात लावून बघ." आमी मधी, अँगल हातात. त्यांच्या बायका आपापल्या कामात हुत्या. दुपारी थोरली पानी द्यायला आली, हळूच म्हनली, "ताई, मागं मोरीपाशी खालची गाठ जरा ढिली ठेव. कोंबडीला वाटनी कळत न्हाई गं." मी ठेवली. पुढं कवातरी तितनं जाताना बघितलं तर त्या भोकातनं कालवनाची वाटी सरकत हुती. कोंबडी कुठं दिसली न्हाई.

असं हसत हसत चाललं हुतं. आता ते सांगते ज्याच्यापायी मी हितं बसले.

पुनतांब्याच्या पलीकडं येक वस्ती हाय, घराच्या मागं लागूनच ऊस. मालकाला तात्या म्हनायचे. तात्यांचं कुत्रं नेलं हुतं, मंग येक शेळी नेली, मंग तात्या फोनवर म्हनले, "मला चारी बाजूंनी पॅक पायजे." घर, अंगन, लिंबाखाली शेळ्यांचा गोठा, त्याच्या मागं हत्तीगवताचा येक तुकडा, मानसाच्या डोक्यावर गेल्यालं गवत, हे सगळं आत घ्यायचं हुतं. गवताच्या मागं जाळी, जाळीच्या मागं ऊस. गेट म्होरं, रस्त्याला. मागची बाजू आदी केली, मंग आजूबाजूच्या. म्होरली बाजू शेवटी ठेवली, कारन गेट यायचं हुतं. म्हंजी शेवटच्या दिसाच्या आदल्या रातीला तेवढीच बाजू मोकळी हुती.

शेवटच्या दिवशी गेट बसलं. तात्यांनी सोताच्या हातानं कडी लावली, कुलूप दावलं, काकूंनी, म्हंजी तात्यांच्या मंडळींनी, गेटला हळद-कुकू लावलं, चहा झाला. ग्रेसी तवा रांगत हुती, आंगावर पीत हुती, म्हनून मी तिला कामावरच न्यायची. रोज बाहेर, आमच्या टेम्पोच्या सावलीत तिची झोळी असायची. त्या दिशी काकू म्हनल्या, "बाहीर कशाला गं बांधती लेकराला? आता आत पॅक हाय. लिंबाला बांध." मला बी पटलं. लिंबाच्या फांदीला झोळी बांधली, पोरीला पाजलं, ती झोपली. मी आन् ग्रेसीचे पप्पा बाहेरनं राहिल्याल्या गाठी मारायला गेलो, उजव्या बाजूच्या कोपऱ्याला. गेट लावून.

गाठी मारता मारता मला वाटलं शेळ्या गप झाल्यात. शेळ्या गप म्हंजी काय, दुपारच्याला शेळ्या गपच असत्यात. पन त्या रवंथ करायच्या थांबल्या हुत्या आन् सगळ्या येकाच बाजूला बघत हुत्या, गवताकडं. मी बी बघितलं. वारं न्हवतं आन् गवताचा शेंडा हालत हुता. येकाच जागंचा.

"आवं," मी म्हनलं. आन् हातानं गवत दावलं.

ग्रेसीच्या पप्पांनी बघितलं. गवतातनं पाठ दिसली, पिवळी, ठिपक्यांची, मंग न्हाईशी झाली. रातीच म्होरल्या मोकळ्या बाजूनं शिरून त्यो सकाळधरनं तितंच पडून असनार. आमी चहा प्यालो, कुलूप दावलं, हळद-कुकू लावलं, आन् त्यो आत. आमी त्याला आत घालून पॅक केलं हुतं. आन् माजी पोरगी बी.

मी गेटकडं पळाले. काकू घरातनं येऊन गेटच्या बाहेरच हुत्या, त्यांनी बघितलं आन् जी किंकाळी फोडली ती दोनी वस्त्यांवर ऐकू गेली. घडीत मानसं गोळा झाली. काठ्या, कोयते, मोबाईल. कुनी डावीकडनं, कुनी उजवीकडनं, काही उसातनं पळत मागं गेली, चारी बाजूंनी जाळीला मानसं चिकटली नि वरडाया लागली. बिबट्या गवतातनं निघाला, मागच्या जाळीवर जाऊन आपटला, तितं मानसं, फिरला, उजवीकडं आपटला, तितं बी मानसं. जाळी अशी थरथरली की मला अँगलमधनं हाताला कळलं. मंग त्यो परत गवतात शिरला. गवताच्या अल्याडच्या कडंला. तितनं लिंब म्हंजी मानूस हात लांब करून झोका देईल येवढ्यावर.

मी कडी काढाया लागले. ग्रेसीच्या पप्पांनी मागनं धरलं मला. मी त्यांच्या हाताला चावले, खरंच चावले.

तात्यांनी फॉरेस्टला फोन लावला हुता. साहेब गाडीत हुते, वाटंतच हुते, फोन स्पीकरवर. कालवा असा की अर्धं ऐकू यायचं न्हाई. साहेब वरडून सांगत हुते, "त्याला सराउंड करू नका! ऐकू येतंय का? कुणीही सराउंड करायचं नाही!"

तात्यांनी फोन खाली घेतला आन् दोनी हात वर केले. "राउंड मारू नका म्हनत्यात! साहेबांची आर्डर हाय! कुनी राउंड मारायचा न्हाई! हाय तितं हुभं ऱ्हावा!"

आन् सगळी थांबली. ऐकलं त्यांनी. त्या मानसांनी येवढं शिस्तीत कधी कुनाचं ऐकलं नसंल. पळनारं थांबलं, वरडनारं गप झालं, ज्यो जितं हुता तितं हुभा ऱ्हायला. चारी बाजूंनी. जाळीला लागून.

ती शांतता मला आजून झोपंत ऐकू येती. नुसत्या माश्यांचा आवाज. गवतात त्यो धापा टाकत हुता ते ऐकू यायचं. मंग झोळी हालली. ग्रेसी उठली हुती. तिचा येक पाय झोळीतनं बाहेर आला आन् त्यो हलाया लागला, ती उठली की आदी पायच हलवती.

मी तात्यांच्या हातनं फोन वढला. "साहेब, मी जाळी बांधनारी बाई. माजं लेकरू आत हाय. कुनी राउंड मारत न्हाई, सगळी गप हुबी हायेत, तरी त्यो जात न्हाई."

"उभी कुठं आहेत?"

"चारी बाजूंनी."

"अहो, तेच तर करू नका म्हणतोय मी!"

"सराउंड म्हंजी काय साहेब?" मी इचारलं. रडत न्हवते, रडायला दम न्हवता. "राउंड मारायचा न्हाई असंच ना?"

साहेबांनी वरडनं सोडलं. मंग बारीक आवाजात, शाळंतल्या मास्तरावानी म्हनले, "नाही ताई. सराउंड म्हणजे वेढायचं, घेरायचं. त्याला घेरू नका. त्याला जायचंच आहे, त्याला वाट दिसत नाहीये. उसाकडची माणसं काढा आणि ती बाजू उघडा. तोपर्यंत आत कुणी जायचं नाही. तुम्ही सुद्धा नाही."

"उघडायला काय न्हाईच ना साहेब," मी म्हनलं. "आमी पॅक केलंय."

ग्रेसीचे पप्पा टेम्पोकडं निघाले, तार तोडायचं मशीन आनायला. मी म्हनलं नको. त्या मशीनचा आवाज कानाला सोसत न्हाई, त्यो आवाज झाला तर बिबट्या उसाकडं न्हाई, आवाजापासनं लांब पळनार, म्हंजी लिंबाकडं. मी म्हनलं, "तुमी गेटपाशी थांबा. मला पक्कड द्या. मागं माझा जोड हाय." त्यांनी माझ्याकडं बघितलं. येका दमात पक्कड दिली.

तात्या म्हनले, "आगं आजच तर झालंय, कुठनं सोडती?"

काकू म्हनल्या, "गप बसा वो! आग लागू दे तुमच्या पॅकला!"

मी गेले. पोरीकडं पाठ करून गेले. येवढंच सांगते, त्याच्यापरीस अवघड काम मी आजपस्तोर केलं न्हाई. डाव्या बाजूच्या जाळीकडनं, वाकून, उसातल्या मानसांना हातानं "हटा, हटा" करत. ती हटली, पन हळू, मागं बघत बघत, मोबाईल काय खाली घेतले न्हाईत.

जोड सापडंना. माझाच जोड, मलाच सापडंना. बोटं फिरवत गेले, ही न्हाई, ही न्हाई, सगळ्या तारा सारख्या. प्रभू, प्रभू, म्हनत हुते का नुसती हलकी ओरड काढत हुते, ठाऊक न्हाई. मंग वरची मुडप बोटाला लागली, जरा जास्त वळवल्याली, तशी फकस्त मी वळवते. पक्कडीनं वरची मुडप सरळ केली, खालची केली, आन् तार फिरवाया लागले. येक येळा फिरवली की ती येक घर वर येती. फिरवायची, वर घ्यायची, फिरवायची, वर घ्यायची. आवाज न्हाई, नुसतं किर्र किर्र. गवताच्या आतनं धाप माझ्या बाजूला येताना ऐकू आली. मी वर बघितलं न्हाई. बघितलं असतं तर हात थांबला असता. जाळी ज्यांना बांधतो त्या आडव्या तारा राहिल्या हुत्या, मधली नि खालची पक्कडीनं तोडल्या, तशी तानल्याली जाळी हिसका बसून दोनीकडं सरकली आन् मधी फट पडली, दाराच्या येका झडपंयेवढी.

मी अँगलच्या आडूशाला खाली बसले. तोंड गुडघ्यात घातलं.

त्यो कसा गेला ते मला इचारू नका, सगळी इचारत्यात. मी बघितलंच न्हाई. आंगावरनं गरम वारं गेल्यागत झालं, घान वास आला, आन् मंग उसाची पाचट वाजली, जवळ, मंग लांब, मंग लईच लांब.

मी त्याच फटीतनं आत शिरले. गवतातनं पळाले, पानं तोंडाला कापत हुती, आत आजून येखादा असंल का हे डोक्यातच आलं न्हाई. ग्रेसीचे पप्पा गेटनं पळत आले, पन माझ्या आदी कुनी तिला हात लावू शकलं नसतं. झोळीत ती उताणी पडून सोताच्या पायाकडं बघत हुती. मी तिला काढली आन् छातीशी धरली आन् खाली बसले.

काकू म्हनल्या, "सोड गं जरा, गुदमरंल ती."

मला ऐकू येत हुतं. पन हात सुटंनात. मी सोडायला बघत हुते, खरंच, माजे हात माजं ऐकत न्हवते. ग्रेसीचे पप्पा माझ्या म्होरं बसले, ज्या हाताला मी चावले हुते त्याच हातानं माझी बोटं सोडवाया लागले, आन् सारखं म्हनत हुते, "गेला तो, गेला, गेला." पोरगी आता घाबरली, मला बघून घाबरली, आन् तिनं असा टाहो फोडला की उसातली पाखरं उडाली.

तात्यांच्या हातात फोन तसाच चालू हुता. त्यातनं साहेब वरडत हुते, "हॅलो? काय झालं? अहो सांगा कुणीतरी! बाळ कसं आहे?" तात्यांचे तर ओठच हालत हुते नुसते. शेवटी ते खाली वाकले आन् त्यांनी फोन तसाच ग्रेसीच्या तोंडापाशी धरला.

तिकडं साहेबांनी ते रडनं ऐकलं. बराच येळ ऐकलं. मंग म्हनले, "हां."

नुसतं हां.